पोब्रे म्हणजे नुसतं गरीब नव्हे

मावशी: कुणी जागं आहे का गं? स्पेनहून, लेकीच्या सालामांकाच्या घरमालकीणबाईंचा स्पॅनिशमध्ये व्हॉइस मेसेज आलाय. मला काही कळेना म्हणून भाषांतराच्या ॲपला विचारलं, तर 'गरीब मुलीला ताप आहे' असं आलं. तापाचं कळलं, पण माझ्या लेकीला गरीब का म्हणायचं? भाडं दर महिन्याला वेळेवर जातं.

मामा: मी बोलतो त्यांच्याशी. नंबर पाठव.

आई: थांब रे जरा. आधी ताप किती आहे ते बघा.

मी: मामा, फोन करू नकोस. मी मेसेज दोनदा ऐकला. ताप ३८.२ आहे, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर १०१च्या आतच. बाईंनी शेवयांचं सूप करून दिलंय, ताई ते पिऊन झोपलीय.

आता 'पोब्रे'. बाई 'ला पोब्रे नीन्या' म्हणाल्या. पोब्रे आधी, नीन्या नंतर. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. 'नीन्या पोब्रे' म्हणजे पैशाने गरीब मुलगी. 'पोब्रे नीन्या' म्हणजे बिचारी पोर. पैशाचा तिथे काही संबंधच नाही. श्रीमंताच्या घरी कुणी आजारी पडलं तरी शेजारीण हेच म्हणेल. स्पॅनिशमध्ये विशेषण बहुतेक वेळा नामानंतर येतं, आणि ते पुढे आणलं की कधीकधी अर्थच बदलतो. 'आमीगो विएखो' म्हणजे वयाने म्हातारा मित्र. 'विएखो आमीगो' म्हणजे जुना, खूप वर्षांचा मित्र, मग तो पंचविशीतला का असेना.

मावशी: मग ॲपने असं का सांगितलं?

मी: मराठीत विशेषण नामाच्या आधीच येतं ना, म्हणून दोन्हींचं 'गरीब मुलगी'च झालं असेल. आपण 'बिचारी' म्हणून वेगळा शब्द वापरतो. त्यांच्याकडे ते काम शब्दाच्या जागेवर चालतं. शेतकरी निकस जमिनीलाही 'पोब्रे'च म्हणतात, तिथे मात्र तो शब्द जमिनीनंतर येतो. आणि मामा, 'पोब्रे दे ती' असं कुणी दरडावून म्हणालं तर तो अर्थ आणखी वेगळा. 'उशीर केलास तर बघ हं', तसा धाक असतो त्यात.

आई: पण आपणही म्हणतोच की, 'स्वभावाने अगदी गरीब आहे गं सून.' तिथे कुठे पैसा असतो?

मी: हो आई! मला हे सुचलंच नव्हतं.

आजोबा (मडगाव): बाळांनो, आत्ता वाचलं. पोर्तुगीजमध्येही हेच आहे. १९६१च्या आधी मी इथल्या शाळेत चार वर्षं ती भाषा शिकलो. 'ओमें पोब्र' (गरीब माणूस) लिहायच्या ठिकाणी मी 'पोब्र ओमें' (बिचारा माणूस) लिहिलं, तर मास्तरांनी वही परत दिली आणि दोन्ही वाक्यं दहा-दहा वेळा लिहून घेतली. अजून विसरलो नाही. आणि आपला 'गरीब' फारसीतून आला, मूळचा अरबी. अरबीत त्याचा अर्थ परका, आपलं गाव सोडून लांब आलेला.

मावशी: बाबा, मग ती गरीबच आहे की हो. एवढ्या लांब, एकटी.

मी: मावशी, बाईसुद्धा पुढे तेच म्हणाल्यात, 'तान लेखोस दे सू मादरे'. आईपासून इतकी लांब. ॲपने हे वाक्य गाळलेलं दिसतंय.

मावशी: मी उगाच रागावले त्या माउलीवर. आभार कसे मानतात तिकडे?

मी: 'मूचास ग्राथियास'. तुझ्या आवाजात पाठव, चुकलं तरी चालेल. जास्त आवडेल त्यांना.

मामा: माझ्याकडूनही सांग.

ताई (सालामांका): आत्ता उठले. ताप ३७.४. एवढे मेसेज? आई, बाई तुझा आवाज तिसऱ्यांदा ऐकतायत, आणि शेवया आणखी हव्यात का म्हणून विचारतायत.