माडीच्या फळ्यांवर पार्टिशन घालायचंय, थेट वरनं चालतंय काय?

शहापूरचा_माडीवाला:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरात आमचं आजोबांच्या वेळचं घर हाय, खाली दगडमातीच्या भिंती, वर माडी, तुळया (जाड लाकडं) आणि त्यांच्यावरच्या कड्यांवर (बारकी लाकडं) सागवानी फळ्या ठोकलेल्या आणि वर कौलं. माडीवर एकच लांबट खोली. पोरगी यंदा पीयूसीला (अकरावी-बारावी), तिला अभ्यासाला वेगळी जागा पाहिजे म्हणून मधे १० फूट लांब ९ फूट उंच पार्टिशन घालायचंय, दारासकट. गौंडी म्हणायलाय तेवढ्या पट्टीतल्या फळ्या कापून काढू आणि चार इंची वीट घालू. सुतार म्हणायलाय फळ्यांना हात लावू नका, वरूनच प्लाय उभं करू. दोघंबी आपलंच खरं करायलेत. पावसात फळ्या फुगतात त्याचं काय? (आणि वाटणी झालेली नाही, गल्लीत आत्तापासून विचारायला लागलेत.)

कडी_तुळई:
विटेचं डोक्यातनं काढा. ९० चौरस फूट चार इंची भिंत, दोन्हीकडं गिलावा धरला तर दोन टनांच्या वर जातंय, ते पण एका रेषेत, आणि लाकडी पाटणी (फळ्यांची जमीन) चालताना थोडी लवतेच म्हणजे गिलाव्याला चिरा ठरलेल्या. तेवढंच पार्टिशन पत्र्याच्या चॅनेलवर (पट्ट्यांच्या सांगाड्यावर) दोन्हीकडनं साडेबारा एमएमचं जिप्सम बोर्ड मारलं तर २०० किलोच्या आसपास. प्लाय पण वजनाला चालतंय, सुतार चुकीचं सांगत नाही. फळ्या कापू नका, त्या कड्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात.
पण आधी एक सांगा, खालच्या खोलीतनं वर बघितलं तर कड्या कुठल्या दिशेनं आहेत? भिंत कड्यांना आडवी येते का सोबत?

शहापूरचा_माडीवाला:
सोबतच येते. बरोबर दोन कड्यांच्या मधे. कड्यांत दीडेक फूट अंतर हाय.

कडी_तुळई:
तिथंच अडचण हाय बगा. आडवी असती तर वजन सगळ्या कड्यांवर वाटून गेलं असतं. आता भिंत नुसत्या फळीवर बसणार. एक तर ती आठ-नऊ इंच सरकवून बरोबर कडीवर घ्या, आणि त्या कडीला बाजूनं दुसरी जोडकडी लावून बोल्ट मारा, नाहीतर जागा सोडायची नसेल तर खालनं दोन कड्यांच्या मधे दर दोन फुटाला आडवे ठोकळे घट्ट बसवून घ्या. त्याआधी कड्यांची टोकं जिथं भिंतीत शिरतात तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बगा, विशेष करून पावसाची झड लागणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला. लाकूड कुजायला किंवा वाळवी लागायला तिथंच सुरुवात होते, मधे कडी ठणठणीत दिसते.

तिसरं_गेट_टिळकवाडी:
फ्लॅटवाले वाचत असतील तर सांगतो, तुमचं लाकडी फ्लोअरिंग म्हणजे फोमवर टाकलेलं क्लिकवालं लॅमिनेट (एकमेकींत अडकवायच्या पट्ट्या) असेल तर वरचं काहीच लागू नाही. ते फ्लोअरिंग सुटं असतंय, भिंतीकडं ८-१० एमएम फट सोडलेली असते ती सरकायला. त्याच्यातनं स्क्रू मारून पार्टिशन उभं केलं की ते तिथं अडकलं, मग जुलैत मधेच उचलून येतंय. तिथं पट्टी कापायचीच, चॅनेल खालच्या फरशीला लावायचा, दोन्ही बाजूला फट ठेवायची आणि स्कर्टिंगनं (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीनं) झाकायची.

खानापूरची_सूनबाई:
आमच्याकडं सासरे सुतारकी करतात, त्यांना विचारून लिहिते. जुना साग कडक, आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू मारा नाहीतर स्क्रूची मान मोडते. फळी इंचाची असेल तर तीन इंची स्क्रू घ्या म्हणजे तो कडीत नाहीतर ठोकळ्यात जाईल, नुसत्या फळीत थांबणार नाही. चॅनेलखाली रबराची पट्टी घाला. सुट्या फळ्या आधी आवळून घ्या, भिंत झाल्यावर त्यांची करकर बंद करणं लई अवघड. बोर्ड जमिनीपासनं अर्धा इंच वर ठेवा, फळ्या रुंदीला फुगतात, लांबीला फारसं काही होत नाही, स्कर्टिंग भिंतीला मारा, जमिनीला नको. वर तुळईलासुद्धा थोडी फट सोडा, लाकूड हलतं. दाराच्या दोन्ही बाजूच्या उभ्या पत्र्यात लाकूड भरून घ्या, आपटलं की सगळं पार्टिशन हादरतं. आतनं आवाज अडवायला ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरलं तरी खालचा टीव्ही फळ्यांच्या फटीतनं ऐकू येणारच, त्याचा दोष भिंतीला देऊ नका 😄

शहापूरचा_माडीवाला:
लई आभार. नऊ इंच सरकवतो, जोडकडी लावतो. पुस्तकांचं कपाट पार्टिशनला टेकवलं तर?

कडी_तुळई:
नको. तेवढंच वजन परत त्याच कडीवर. दगडी भिंतीला लावा.

शहापूरचा_माडीवाला:
ठीक. आता गौंडीला काय सांगू, तो रोज विचारायलाय.

खानापूरची_सूनबाई:
त्याला कौलं परतायला लावा की, पाऊस यायच्या आत.