कविता लिहिल्यावर मन अधिकच भरून येते. लिहीत राहावे का?

प्रश्न (सांगली)
गेल्या श्रावणात वडील गेले. तेव्हापासून रात्री घरात निजानीज झाली की मी वहीत कविता लिहिते. त्यांना कविता म्हणावे की नाही, हे मला ठाऊक नाही. लिहिताना छातीवरचे दडपण उतरते, पण वही मिटल्यावर रडू आवरत नाही. थोरला भाऊ काळजीपोटी म्हणतो, "रोज खपली काढत बसलीस, तर जखम भरणार कधी?" लिहिणे थांबवावे का?

उत्तर १ (समुपदेशक, मिरज)
ताई, रडू येते एवढ्यावरून लेखन बाधते आहे असे मानू नका. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगांविषयी लिहिले. लिहून झाल्याबरोबर त्यांची मनःस्थिती खालावली. मात्र घडलेला प्रसंग आणि त्यामागची भावना या दोन्हींविषयी ज्यांनी लिहिले, त्यांना पुढील काही महिन्यांत डॉक्टरांकडे कमी वेळा जावे लागले. तो प्रयोग गद्यलेखनाचा होता आणि नंतरच्या अभ्यासांत हा लाभ माफकच आढळला, म्हणून कवितेला औषध म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. झोपेच्या तोंडावर लिहिणे तेवढे टाळा. दिवेलागणीची वेळ बरी, कारण नंतर घरातली माणसे आणि कामे आपसूक सोबतीला असतात. तेच ते विचार फिरून छळू लागले, झोप आणि जेवण बिघडले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वहीवर विसंबून राहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतून बोलता येते.

उत्तर २ (निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा)
माण तालुक्यात माझ्या माहेरी आत्या पहाटे दळताना ओव्या म्हणत. सासुरवास, दगावलेले मूल, वर्षानुवर्षे न फिरकलेला भाऊ, असे जे चारचौघांत बोलता येत नसे, ते जात्यापाशी बोलले जाई. दुःख केवढेही असो, ते जात्याच्या फेऱ्यात आणि यमकात बसवावे लागे, आणि शब्द जुळवण्यापुरते माणूस आपल्या दुःखाच्या बाहेर उभे राहत असे. कवितेचा खरा आधार मला इथेच दिसतो. नुसते मन मोकळे करणे वेगळे.
म्हणून 'पोकळी', 'वेदना', 'काळोख' हे शब्द काही दिवस बाजूला ठेवा आणि वडिलांची एकच वस्तू घेऊन लिहा. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर सांगलीतील माझ्या भाचीने लिहिलेल्या ओळींत 'पूर' हा शब्दच नव्हता. भिंतीवर कालनिर्णयाच्या वर उमटलेली चिखलाची रेघ होती, आणि ती पुसायला आईचा हात पुरत नव्हता. त्या ओळी वाचून दाखवल्यावर भाची आईशी त्या दिवसांबद्दल प्रथमच मोकळेपणाने बोलली.

उत्तर ३ (कराड)
शिक्षिकाबाईंच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे, फक्त वाचून दाखवण्याची घाई करू नये असे वाटते. विशेषतः नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर या कविता टाकू नका, कारण एकदा 'वा, छान' अशी दाद येऊ लागली की लिहिणारा नकळत वाचकाला आवडेल तेवढेच लिहू लागतो, आणि वडिलांवरचा राग किंवा राहून गेलेले भांडण कागदावर उतरत नाही. भावाला मात्र एखादी ओळ जरूर दाखवा. वडील त्यांचेही गेले आहेत.