नऊ महिने, एक म्हातारा कुत्रा आणि साधना वगैरे

पायरव:
नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, आज भांडायला आलेय.

मी लालबागची, वय ३४. सातव्या वर्षापासून कथक. गांधर्व महाविद्यालयाची विशारद झाले, त्यापुढची अलंकार परीक्षा राहिली ती राहिलीच. पंचविशीत बॅलेचं खूळ डोक्यात शिरलं आणि आज पोट त्यावरच भरतं. आठवड्याचे पाच दिवस दादर आणि अंधेरीत लहान मुलांचे बॅलेचे वर्ग, रविवारी सकाळी कथक. घरात आई, मी आणि मोत्या. मोत्या म्हणजे साडेबारा वर्षांचा गावठी कुत्रा, उजवा कान दुमडलेला, भारतमाता टॉकीजच्या मागच्या गल्लीत पावसात सापडलेला.

मार्चमध्ये युरोपातल्या एका शाळेचं पत्र आलं. बॅले शिकवणाऱ्यांसाठी नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम, अर्धी फी माफ. मी नाही कळवलं. मोत्याच्या किडन्या गेल्यात. दिवसाआड रात्री नऊला त्याला कातडीखाली सलाइन द्यावं लागतं. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबू करायचा, सुई आत सरकवायची आणि बाटली उतरेपर्यंत त्याला मांडीत धरून बसायचं. बाटली ज्या खिळ्याला टांगते तिथे पूर्वी माझे घुंगरू असायचे. ते आता कपाटात.

हे ज्याला ज्याला सांगितलं त्याच्या चेहऱ्यावर एकच भाव. ज्यांच्याकडे मी कथक शिकले त्या बाई तर सरळ म्हणाल्या, "लोकांनी कलेपायी घरदार सोडलं, तुला कुत्रं सुटेना?"

माझा मुद्दा असा. साधना म्हणजे काहीतरी सोडलंच पाहिजे, हे कुणी ठरवलं? गुरूच्या घरी पाणी भरलं, लग्न केलं नाही, बापाच्या तेराव्याला कार्यक्रम केला, या गोष्टी आपण किती चवीने सांगतो! त्यातल्या कुणाचा तत्कार, म्हणजे कथकचं पायाचं काम, त्यामुळे सुधारला, हे मात्र कुणी सांगत नाही. मला रियाजाने एकच गोष्ट शिकवली. कंटाळा आला तरी ठरलेल्या वेळी तेच काम पुन्हा करायचं. रात्री नऊला मी तेच करते.

जाता जाता, मोत्याला कथक आवडत नाही. तत्कार सुरू झाला की पलंगाखाली. बॅले चालतं, आवाज नसतो ना. पलंगाचा लोखंडी दांडा हा माझा बार, म्हणजे सरावाला धरायचा आडवा दांडा. मी प्लिए करत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवत, खाली गेले की साहेब दोन टाचांच्या मधे येऊन आडवे. माझे पहिले पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहायचे बूट, त्यानेच खाल्ले. पुढचा कडक भाग कागद-कापडाचे थर खळीने चिकटवून करतात. त्याला बहुधा शिळ्या पोळीचा वास आला असणार.

तर बोला. चुकले का?

तिसरी घंटा:
चुकलात. स्पष्ट बोलतो, राग नसावा.

मी वीस वर्षं नाटकांचं बॅकस्टेज केलं. संधी नाकारणाऱ्या प्रत्येकाकडे एक सुंदर कारण असतं. आईचा दमा, मुलाची दहावी, आता कुत्रा. कारण खोटं नसतं, पण ते वेळेवर हजर होतं. नवी मुंबईतला अमीरुद्दीन शाह, वेल्डरचा मुलगा, २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. मनीष चौहान टॅक्सीचालकाचा मुलगा, बॅले सुरूच केलं ते मोठा झाल्यावर, तोही अमेरिकेत गेला. दोघांवर २०२० मध्ये चित्रपट आला. त्यांच्या घरी अडचणी नव्हत्या?

कुत्रा गोड आहे. पण तो वर्षभराने नसेल आणि तुम्ही पस्तिशीच्या पुढे असाल. तेव्हा पत्र येणार नाही.

नीलमोहोर:
"वर्षभराने नसेल" हे लिहिताना जरा हात थांबवायचा, राव.

खडूस परळकर:
मला मुळात कळत नाही, बॅलेच का? विशारद झालेली मुलगी, अलंकार अर्धवट टाकून गोऱ्यांच्या दरबारातलं नाचणं शिकवते. चौदाव्या लुईने १६६१ मध्ये अकादमी काढली, ती राजाच्या हौसेपोटी. त्यात आपलं काय? फ्रेंच शब्द घोकायचे, पायाची बोटं मोडायची. दादरची पोरं "तोंद्यू" म्हणतात आणि "तिहाई" म्हणजे काय विचारलं तर बघत बसतात. परदेशी गेली नाहीस ते उत्तमच झालं. कुत्र्याचे आभार मान आणि अलंकार पूर्ण कर.

(कुत्र्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये काय काय सहन करतो ते विचारू नका.)

नीलमोहोर:
परळकर, "आपलं" म्हणजे नक्की कुणाचं? कथकच्या अंगरख्यात आणि सलामीत दरबार नाही? ठुमरीवरचा भाव काय वारीतून आला?

भरतनाट्यमचं घ्या. आज अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम सगळे शिकतात तो बसवला तंजावरच्या चार भावांनी, पोन्नैया, चिन्नैया, शिवानंदम, वडिवेलू यांनी. त्यांना आश्रय होता तो आपल्या भोसल्यांचा, दुसऱ्या सरफोजींचा. सरफोजींची मराठी निरूपणं नृत्यासाठीच लिहिलेली, आणि ती पुन्हा रंगमंचावर आणली मुंबईत पार्वतीकुमारांनी, मूळच्या कोकणातल्या माणसाने. आता गंमत बघा. सरफोजी वारले मार्च १८३२ मध्ये. त्याच महिन्यात पॅरिसमध्ये मारी ताग्लिओनी 'ला सिल्फीद' या बॅलेत पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहिली आणि आज आपण ज्याला बॅले म्हणतो त्याची ओळख पक्की झाली. म्हणजे दोन्ही "प्राचीन" कला जवळपास एकाच वयाच्या! एकीला आपण संस्कृती म्हणतो, दुसरीला खूळ.

आणि मुंबईला बॅले हा शब्द नवा नाही. शांती बर्धनांनी १९५२ मध्ये इथेच लिट्ल बॅले ट्रूप उभा केला, कळसूत्री बाहुल्यांच्या ढंगात रामायण केलं. सचिन शंकर बॅले युनिट १९५३ चं. गिरणगावातल्या आमच्या आजोबांना बॅले म्हटलं की टाचा उंचावलेल्या बायका आठवत नसत, ताडपत्रीखाली बसून पाहिलेली नृत्यनाटिका आठवायची.

खडूस परळकर:
त्या नृत्यनाटिकेला नुसतं बॅले म्हणत, पाय आपलेच होते. शब्द उसना घेणं वेगळं आणि अख्खं अंग उसनं घेणं वेगळं. सरफोजींचा मुद्दा मान्य. वाचलं नव्हतं.

पायरव:
परळकर काका, अंग उसनं कसं असेल? भरतनाट्यमवाल्या मैत्रिणीची अरमंडी, म्हणजे अर्धी बैठक, आणि माझं प्लिए शेजारी ठेवा. गुडघे बाहेर, पाठ सरळ, बैठक तीच. फरक पुढे. ती जमिनीत जाते, बॅलेवाला जमिनीवरून सुटायला बघतो. मला खरा त्रास कथकमुळे झाला. पाऊल सपाट आपटायची अठरा वर्षांची सवय! बॅलेच्या बाई पहिले सहा महिने एकच वाक्य म्हणत होत्या, "आवाज नको." उडीनंतर खाली येताना आधी बोटं, मग चवडा, मग टाच, तेही मांजरासारखं. उलट चक्कर मला फुकट मिळाली. नजर एका बिंदूवर ठेवून मान शेवटी फिरवायची, हे दोन्हीकडे सारखंच.

बोटं मोडण्याबद्दल सांगते. दर जूनला सहा वर्षांच्या मुलींच्या आया विचारतात, पॉइंट शूज कधी? मी सांगते, अकरा-बाराच्या आधी नाही. पायाची हाडं तोवर पक्की झालेली नसतात, घोट्यातही ताकद लागते. दोन आयांनी याच कारणावरून मुली दुसरीकडे घातल्या. कुठे, ते सांगत नाही. तिथे आठव्या वर्षी देतात.

घंटा, तुम्हाला नंतर.

वरणभात:
साधा प्रश्न. कुत्र्याला सोबतच घेऊन गेलं तर?

पायरव:
चौकशी केली होती. युरोपीय संघात भारतातून कुत्रा न्यायचा तर मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, त्यात अँटिबॉडी ०.५ किंवा वर यायला हव्यात, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. कागद होतीलही. पण किडनीचा म्हातारा कुत्रा पिंजऱ्यात घालून विमानाच्या पोटात नऊ-दहा तास? त्याला टॅक्सीतून परळच्या बैलघोडा या जनावरांच्या दवाखान्यात नेलं तरी परत आल्यावर तो तासभर माझ्याकडे पाठ करून बसतो.

नीलमोहोर:
घंटांसाठी एक उदाहरण. भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. १९२८ च्या सुमारास त्यांनी मुंबईत रशियन बॅले नर्तिका अ‍ॅना पाव्हलोव्हाचा कार्यक्रम पाहिला, पुढे ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर दोघी एकत्र, मैत्री झाली. रुक्मिणीदेवी पाव्हलोव्हाच्या कंपनीतल्या क्लेओ नॉर्डीकडे बॅले शिकल्या. पाव्हलोव्हानेच त्यांना आपल्या देशाच्या नाचाकडे वळायला सांगितलं. १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली. परळकर, तुमच्या "आपल्या" नाचाला रशियन बाईचा असा हातभार आहे.

पण मुद्दा तो नाही. याच बाई राज्यसभेत गेल्यावर प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक घेऊन उभ्या राहिल्या. नेहरूंनी सरकारतर्फे कायदा आणू असं सांगितलं, आणि १९६० चा कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ आलं, पहिल्या अध्यक्ष त्याच. १९७७ मध्ये मोरारजींनी राष्ट्रपतिपदासाठी विचारलं तर नाही म्हणाल्या. एवढी मोठी नर्तिका जनावरांसाठी वेळ काढते, मोठं पद नाकारते. तिला कुणी कच्ची म्हटलं नाही.

तिसरी घंटा:
उदाहरण चांगलं आहे, पण माझ्याच बाजूने पडतं. रुक्मिणीदेवींचा जन्म १९०४ चा. राष्ट्रपतिपद नाकारलं तेव्हा वय ७३, संस्था उभी, नाव झालेलं. पाव्हलोव्हाची बोट चुकवली असती तर? ती त्यांनी चुकवली नाही. जे मिळवायचं ते मिळवून झाल्यावर नाही म्हणणं सोपं असतं.

आणि तो १९६० चा कायदा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आजही. लिफ्टमध्ये कुत्र्याला लाथ मारणाऱ्याला वडापाव-चहाच्या खर्चात सुटता येतं.

खडूस परळकर:
मी लाथ मारत नाही. मी जिन्याने जातो.

सोनटक्का:
पहिल्यांदाच लिहितेय. मी ओडिसी करते, आणि मी गेले होते.

दोन वर्षांसाठी गेले, घरी चौदा वर्षांची कुत्री ठेवून. बाबा बघत होते. अकराव्या महिन्यात ती गेली. मला दुसऱ्या दिवशी कळवलं कारण आदल्या दिवशी माझा प्रयोग होता. पायरव, तुला अपेक्षित असेल की मी आता पश्चात्तापाबद्दल लिहीन. नाही होत. वाईट वाटतं, ती वेगळी गोष्ट. त्या दोन वर्षांनी माझा पाय बदलला, माझं शिकवणं बदललं. आणि कुत्री बाबांच्या मांडीवर गेली. तिला मीच हवी होते, असं मला वाटायला आवडतं, पण तिला बाबाही चालत होते.

म्हणून विचारते. तुझ्या घरी आई आहे. सलाइन आई का देऊ शकत नाही? आणि त्या शाळेला विचारलंस का, जागा एक वर्ष पुढे ढकलता येईल का? तू लिहिलंस "नाही कळवलं". मधे काहीच नाही?

मला शंका येते. तिथे बाकीच्या मुली बावीस-तेवीसच्या असणार, सगळ्यांचं बॅले पाचव्या वर्षापासूनचं. त्या बारपाशी चौतिसाव्या वर्षी उभं राहायची धास्ती मला माहीत आहे. मोत्याला त्यापुढे ढाल करू नकोस. म्हातारा आहे तो.

वरणभात:
उफ.

तिसरी घंटा:
सोनटक्का, मी तीन परिच्छेदांत जे म्हणू शकलो नाही ते.

नीलमोहोर:
मला हे जरा क्रूर वाटतं. प्रत्येक मायेमागे भीतीच शोधायची का?

पायरव:
रात्री वाचलं, लगेच उत्तर दिलं नाही. आज सकाळी मोत्याला खाली नेलं. आता एक जिना उतरायला त्याला पाच मिनिटं लागतात, मधल्या पायरीवर थांबून तो गणपतीच्या फोटोकडे बघत बसतो. तेवढ्यात विचार करायला वेळ मिळाला.

आईच्या बोटांना संधिवात आहे. तिला कुकरची शिटी काढता येत नाही, सुई कशी धरणार? आमच्या मजल्यावरचा एक मुलगा फार्मसी शिकतो, तो देऊ शकेल. त्याला मी कधी विचारलं नाही. शाळेलाही नाही विचारलं. त्या पत्राला उत्तर लिहायला मला चार मिनिटं लागली होती, आणि पाठवून झाल्यावर मला हलकं वाटलं होतं. हे इथे लिहायचं नव्हतं.

म्हणून धास्ती होती हे मान्य. निम्मी. उरलेली निम्मी मांडीत झोपलेली असते आणि तिला लघवीचा वास येतो, ती खोटी नाही. सोनटक्का, तुझ्या कुत्रीला बाबा चालले. मोत्याला दिवाळीत चार दिवस आईजवळ ठेवून मी पुण्याला गेले, तेव्हा तो पाण्यालाही शिवला नव्हता. किडनीच्या कुत्र्याने चार दिवस पाणी न पिणं म्हणजे काय ते डॉक्टरांनी मला उभं करून सांगितलं. त्यामुळे "नाही" यावर मी अजून ठाम आहे. फक्त ते चार मिनिटांचं "नाही" नको होतं.

आणि साधनेचा मुद्दा मी सोडलेला नाही. त्यावर कुणीच उत्तर दिलं नाहीत, घंटांनी तर मुळीच नाही.

तिसरी घंटा:
देतो. मी कुणाला काही सोडायला सांगत नाही. रियाज करता त्याचं पुढे काय करायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. ठरलेल्या वेळी तेच काम तर आमचा लिफ्टमनही करतो.

खडूस परळकर:
लिफ्टमनला काही बोलू नका. आमचा लिफ्टमन संत आहे. एक अल्सेशियन, दोन पग आणि आमच्या सेक्रेटरीला रोज सांभाळतो.

पायरव, अलंकारचं मी पुन्हा विचारणार आहे.

पायरव:
विचारा काका. कथकचे घुंगरू काढायचे तर आता दुसरा खिळा ठोकावा लागेल, आणि आमची भिंत ओली आहे.

सोनटक्का, शाळेला मेल केला. आज ११:४० ला गेला. जागा पुढच्या वर्षी मिळेल का, आणि कारण म्हणून सरळ "म्हातारा कुत्रा" असं लिहिलं. दुसरं काही सजवून लिहिणार होते, मग खोडलं. उत्तर आलं तर इथे सांगेन. फार्मसीवाल्या मुलाला उद्या रात्री नऊला बोलावलंय. आधी तो बघेल, मग सुई मी धरेन आणि कातडी तो.

घंटा, जिंकलात असं समजू नका.