शब्दचर्चा : ग्रॅफिटी, भित्तिचित्र, भित्तिलेखन – सातवीच्या मुलांना कोणता शब्द द्यावा?

प्रश्न
सहावी-सातवीच्या चित्रकलेच्या तासांना ग्रॅफिटी आणि स्ट्रीट आर्ट घेणार आहे. शब्दांपाशीच अडले आहे. 'भित्तिचित्र' म्हटलं तर लेण्यांतल्या चित्रांपासून सगळंच त्यात येतं. 'भित्तिलेखन' म्हटलं की घोषणा आणि सुविचार आठवतात. शिवाय वर्तमानपत्रांमुळे 'ग्राफिटी' म्हणजे भिंतीच्या चित्रावर छापलेलं चटकदार वाक्य, असंही अनेकांच्या डोक्यात बसलं आहे. काय करावं?

उत्तर १
ताई, ग्रॅफिटीच ठेवा आणि तो शब्द मुलांच्या हातून जाऊ द्या. मूळ इटालियन शब्दात ओरखडण्याचा, खरवडण्याचा भाव आहे. कागदावर मेणखडूचे गडद रंग दाबून भरायला सांगा, त्यावर काळ्या पोस्टर रंगाचा थर द्या (रंगात साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला तर तो मेणावर नीट बसतो) आणि वाळल्यावर टूथपिकने खरवडून नाव लिहायला लावा. काळ्यातून पिवळा-तांबडा रंग वर आला की शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मग इटलीतल्या प्राचीन पॉम्पेईकडे वळा. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहराच्या भिंतींवर हजारो मजकूर सापडले आहेत. अभ्यासक त्यांतले टोकदार वस्तूने खरवडलेले वेगळे धरतात आणि कुंचल्याने रंगवलेले, उदाहरणार्थ निवडणुकीच्या प्रचाराचे, वेगळे. खरवडलेल्यांत एक मजकूर अनेक ठिकाणी मिळाला आहे. त्याचा आशय असा : हे भिंती, इतक्या लिहिणाऱ्यांचा कंटाळवाणा मजकूर अंगावर घेऊन तू अजून कोसळली कशी नाहीस? हे वाचून मुलं खुलतातच. मला तर तासासाठी यापेक्षा चांगली सुरुवात सुचत नाही.

मराठीत तो शब्द स्त्रीलिंगी रुळला आहे : ती ग्रॅफिटी. मूळ भाषेत तो अनेकवचनी आहे, पण आपण त्याची फिकीर करायचं कारण नाही.

उत्तर २
व्याख्या साधी आहे : परवानगीशिवाय केलेली ती ग्रॅफिटी, परवानगीने केलेलं ते भित्तिचित्र. मुलांना एवढं पुरे.

उत्तर ३
सर, एवढ्याने भागत नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या 'फाइव्ह पॉइंट्झ' या इमारतीवर मालकाच्या संमतीने वर्षानुवर्षं रंगकाम चालू होतं, आणि सगळं जग त्याला ग्रॅफिटीच म्हणत होतं. २०१३ मध्ये मालकाने रातोरात पांढरा रंग फासला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये २१ कलाकारांना मिळून सुमारे ६७ लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. परवानगी होती, तरी ती ग्रॅफिटीच होती.

माझ्या मते खरा फरक अक्षरांत आहे. हे काम करणारे स्वतःला 'रायटर' म्हणवतात, चित्रकार नव्हे. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ज्याच्यावर बातमी केली तो 'टाकी १८३' चित्रं काढत नव्हता. टोपणनाव आणि आपल्या रस्त्याचा क्रमांक एवढंच तो शहरभर लिहीत होता. त्याला टॅग म्हणतात. मोठं, अनेक रंगांचं, वेळ घेऊन केलेलं अक्षरकाम म्हणजे पीस. स्ट्रीट आर्टमध्ये मात्र बहुतेकदा चित्र पुढे असतं आणि ते रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही कळावं अशी अपेक्षा असते. टॅग बऱ्याचदा दुसऱ्या रायटरसाठीच असतो.

परवानगीचा प्रश्न सोडू नका, पण तो व्याख्येत कोंबू नका. 'भिंत कोणाची?' हा वेगळा तास होऊ द्या. त्या वयाच्या मुलांना न्याय-अन्यायाचं फार असतं, ती भांडून भांडून बोलतील. दुसऱ्याच्या भिंतीवर रंग उडवला तर तो काढायचा खर्च कोणाच्या माथी, हेही त्यांनाच काढू द्या.

प्रश्नकर्ती
हे पटलं. मग अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंग कुठे बसवू? १९८० नंतर काही वर्षं तो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर, जाहिरातींच्या रिकाम्या जागी चिकटवलेल्या काळ्या कागदांवर पांढऱ्या खडूने आकृत्या काढायचा. त्यासाठी त्याला पकडलंही होतं. काळा कागद आणि खडू वर्गात सहज जमेल.

उत्तर ३
स्ट्रीट आर्टमध्ये. अक्षरं नाहीत, आकृत्या आहेत. भिंत खरवडलेली नाही, रंगवलेलीही नाही. आणि परवानगी नाही! एका उदाहरणात मुलांची तिन्ही मापं तपासून होतील. मराठीत 'रस्त्यावरची कला' म्हणू नका, त्यात डोंबारी आणि पथनाट्यही येतात. 'स्ट्रीट आर्ट'च बरं.

प्रश्नकर्ती
आणि स्टेन्सिलला 'छाप' चालेल?

उत्तर १
नको. छाप म्हणजे ठसा, त्यात रंग वस्तूला लागून कागदावर उतरतो. स्टेन्सिलमध्ये तो कापलेल्या भोकातून आत जातो. पुठ्ठा कापताना इंग्रजी 'O' अक्षराचा मधला गोल गळून पडतो, तो धरून ठेवायला बारीक पट्टी सोडावी लागते. ते मुलांना आधी सांगा, नाहीतर निम्मा वर्ग पुठ्ठा वाया घालवेल.