मदत हवी आहे: अ‍ॅकेरॉन्शिया पतंगाची जाती कोणती? (तातडीचं)

टाचणी: पतंगाच्या पाठीवर कवटीसारखी खूण आहे, म्हणजे प्रजाती (जातींचा गट) अ‍ॅकेरॉन्शिया. जाती अडली आहे. पोट खालून काळं दिसतंय. अ‍ॅट्रोपॉस लिहू का? लेबल आजच लावायचंय.

निशाचर: नमुना कुठला? पंख पसरलेले आहेत का? मागच्या पंखांचा रंग कोणता?

टाचणी: जुन्या पेटीतला आहे, मूळ चिठ्ठी गहाळ. पंख पसरलेले. मागचे पिवळे, दोन काळे पट्टे.

निशाचर: मग लॅकेसिस ही जाती बाद. त्याच्या मागच्या पंखाचा बुडखा काळा असतो, पिवळं थोडंच उरतं. आता पुढचा पंख खालून बघा. मधे एक आडवा पट्टा असेल तर अ‍ॅट्रोपॉस, दोन असतील तर स्टिक्स. वरून ठिपका पांढुरका की नारिंगी?

सूक्ष्मदर्शी: रंगावर जाऊ नका. उदर काढून १०% पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) गरम करा आणि जननांगं बघा. तोच खरा पुरावा.

निशाचर: तीन जातींच्या प्रजातीत उदर तोडायची घाई कशाला? पोटॅशमध्ये खवले झडतात. पोटाखालचे पट्टेच गेले तर ताडून काय बघणार?

सूक्ष्मदर्शी: आधी फोटो काढायचे. नाहीतर एक पाय डीएनएसाठी द्या.

मधुकोष: हे पतंग मधासाठी पोळ्यात घुसतात. मधमाश्यांच्या पेटीचं दार अरुंद ठेवा.

टाचणी: माझ्याकडे मधमाश्या नाहीत! दोन पट्टे आहेत, ठिपका नारिंगी. पण पोट काळंच आहे.

निशाचर: पोटाच्या प्रत्येक खंडावर वेगळा पट्टा आहे, की सगळं सलग आणि ओलसर?

टाचणी: सलग. टाचणीलाही चिकट लागतंय.

निशाचर: तेल सुटलंय. जाड अंगाच्या पतंगांत चरबी वितळून खवल्यांत उतरते. टाचणीवर काही चिठ्ठ्या असतील तर काढा आणि नमुना काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. अ‍ॅसिटोन पिवळं झालं की बदला. खाली थर्माकोल नको, विरघळतो. जवळपास ज्योत नको, खिडकी उघडी ठेवा. वाळल्यावर मऊ ब्रशनं खवले मोकळे करा. स्टिक्सचं पोट खालून सहसा बिनपट्ट्यांचं असतं, ते तेव्हा दिसेल. लेबल उद्या लावा.

नामावली: लेबलवर ‘अ‍ॅकेरॉन्शिया स्टिक्स वेस्टवुड, १८४७’ लिहा; नाव देणाऱ्याचं नाव आणि साल यांना कंस नको. अ‍ॅट्रोपॉस (लिनियस, १७५८) आणि लॅकेसिस (फॅब्रिशियस, १७९८) यांनाच कंस, कारण दोन्ही आधी स्फिंक्स या दुसऱ्या प्रजातीत होत्या. अ‍ॅकेरॉन्शिया ही प्रजाती १८०९ची.

सूक्ष्मदर्शी: आणि ‘स्थळ अज्ञात’ हे नक्की लिहा. जातीवरून स्थळाचा अंदाज बांधून लेबलवर टाकू नका.