मदत हवी आहे: शोध-बचाव श्वानपथकाचं प्रमाणपत्र कुठून घ्यावं?

पुण्यातलं स्वयंसेवी पथक आहे. एक लॅब्रेडोर, एक मॅलिनॉय, दोघांचे हँडलर (कुत्रा हाताळणारे) ठरलेले. काम फक्त ढिगाऱ्यात, दरडीखाली अडकलेल्या जिवंत माणसाचा शोध, मृतदेह-शोध नाही. माळीण गावावर दरड कोसळली (३० जुलै २०१४) तशी वेळ आली तर जिल्हा प्रशासन आधी विचारणार, तुमची परीक्षा कोणी घेतली? ते रास्तच आहे. कुत्र्याने ‘इथे कोणी नाही’ म्हटलं की खोदकाम पुढे सरकतं. तिथे चूक झाली तर जीव जातो.

आज्ञापालन, शिडी-फळीवरची चाल, लांबून हाताने दिशा देणं, हे पक्कं आहे. माणूस दिसत नसला तरी दोघं जागा न सोडता भुंकत राहतात. अडतं ते अंध चाचणीत, म्हणजे माणूस कुठे लपलाय हे हँडलरलाही ठाऊक नसतं तेव्हा. लपण्याची जागा ठाऊक असली की हँडलर नकळत तिथे रेंगाळतो आणि कुत्रा वासापेक्षा त्याच्याकडे बघून भुंकतो. म्हणून आता जागा तिसराच माणूस ठरवतो, कुत्र्याला चकवायला ढिगाऱ्यात खाणं आणि वापरलेले कपडे पुरतो, मधूनच ढिगारा रिकामा ठेवतो. पण परीक्षक आपलेच, त्याला वजन नाही.

आंतरराष्ट्रीय बचाव श्वान संघटनेची (आयआरओ) परीक्षा माहीत आहे. कुत्री परदेशी नेणं परवडणारं नाही, तेवढा पर्याय सुचवू नका.

पुण्याजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) पाचवी बटालियन आहे. तिथे स्वयंसेवी जोडीची चाचणी घेतात का, अर्ज जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षामार्फतच करायचा का, आणि हँडलर बदलला तर त्याच कुत्र्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते का?