'निर्यात आवृत्ती' म्हणावं का?

तळटीप: विमानवेधी क्षेपणास्त्रांवरचा लेख मराठीत आणतोय. एक्स्पोर्ट व्हेरिअंटला 'निर्यात आवृत्ती' लिहिलं, तर संपादक म्हणतात आवृत्ती पुस्तकाची निघते. सोव्हिएत 'नेवा' आणि परदेशी विकलेलं 'पेचोरा' हे एकच एस-१२५. वाचकाला दोन वेगळी क्षेपणास्त्रं वाटू नयेत. जाता जाता, होमिंग म्हणजे क्षेपणास्त्राने स्वतः लक्ष्याचा माग काढत जाणं; त्यातल्या सेमी-ॲक्टिव्ह होमिंगला 'अर्धसक्रिय गृहाभिमुख' चालेल?

खडूस: गृहाभिमुख गुरं होतात, दिवेलागणीला. होमिंग हा शब्द कबुतरांचा, त्यात घर आहे. इथे कुणाचं घर? 'लक्ष्यानुगामी' म्हणा.

जुनारडारवाला: पण पेचोराला होमिंग नसतंच! जमिनीवरचं रडार विमानही बघतं आणि क्षेपणास्त्रही. आकडेमोड खाली होते, वर रेडिओने हुकूम जातात. क्षेपणास्त्र बिचारं आंधळं. 'क्वाद्रात' हे दुसरं सोव्हिएत क्षेपणास्त्र अर्धसक्रिय: खालचं रडार विमानावर झोत टाकतं, परतलेल्या लहरींचा माग क्षेपणास्त्र स्वतः काढतं. बराक-८ स्वतःचंच रडार घेऊन निघतं, म्हणून सक्रिय.

पाटीपेन्सिल: मग पेचोरा 'हुकमी' क्षेपणास्त्र!

खडूस: हुकमी म्हणजे न चुकणारं. हुकमी एक्का. व्हिएतनाममध्ये सोव्हिएत एस-७५ क्षेपणास्त्रं पण रेडिओच्या हुकमावरच चालायची आणि कितीतरी वाया गेली.

पाटीपेन्सिल: आमचे आजोबा 'हुकमी नोकर' म्हणायचे, सांगेल तेवढंच करणारा. तोच अर्थ हवाय.

संस्कृतप्रेमी: आपल्याकडे शब्दवेधी होताच की. तो होमिंगला का नको?

जुनारडारवाला: कारण दशरथाने आवाजावर नेम धरला, पण सुटलेला बाण वळला नाही. वळला असता तर कदाचित हत्तीकडे गेला असता.

संस्कृतप्रेमी: हत्ती तिथे नव्हताच. श्रावणाचा घडा बुडबुडत होता.

जुनारडारवाला: तेच म्हणतोय. नेम धरणं वेगळं आणि वाटेत दिशा बदलणं वेगळं. म्हणून गायडन्सला नुसतं 'मार्गदर्शन'ही नको, दहावीच्या वर्गाचा वास येतो.

तळटीप: निर्यातीचं राहिलं…

जुनारडारवाला: हो, गंमत सांगतो. सोव्हिएत सैन्याचं 'कूब' बाहेर विकताना 'क्वाद्रात' झालं. कूब म्हणजे घन, क्वाद्रात म्हणजे चौरस. गिऱ्हाइकाला एक मिती कमी! नावापुरतं नाही हं. एस-७५ मध्ये त्यांनी पुढे ६ सेंटीमीटर लहरींचं रडार घेतलं, व्हिएतनामला गेलेली एस-७५, म्हणजे 'द्विना', १० सेंटीमीटरवालीच.

पाटीपेन्सिल: मग 'निर्यातवाण' म्हणा. बियाण्याचं वाण असतं तसं.

खडूस: वाण संक्रांतीचंही असतं. तेही देऊन टाकायचंच असतं म्हणा.

संस्कृतप्रेमी: मुळात 'क्षेपणास्त्र'च चूक. अस् धातूचा अर्थ फेकणं, अस्त्र म्हणजेच फेकायचं. वर क्षेपण कशाला?

खडूस: मग 'शस्त्रास्त्र' बोलताना तुम्ही दरवेळी काय काय फेकता?